नानांचं घोरणं आणि गाडीची चावी

मखमलाबादला आमच्या आणि कोंडाजी नानांच्या घरात एकच भिंत आहे. बांधणाऱ्याने ती इतकी पातळ बांधली, की पलीकडे कुणी मिरचीची फोडणी दिली तर शिंक मला येते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला विचारलं होतं, "शेजारी पिठाची गिरणी आहे का?" तो कूस बदलत म्हणाला, "नाही गं, ते नाना झोपलेत."

नानांच्या झोपेचं आख्ख्या गल्लीला भारी कौतुक. पाहुणे आले, की सकाळी चहाला हाच विषय. "झोप असावी तर नानांसारखी! पडला की लागलीच." माणूस घोरतो म्हणजे त्याला गाढ झोप लागते, आणि गाढ झोप लागते म्हणजे तो सुखी, असा हिशेब इथे कुणीतरी फार पूर्वी मांडून ठेवलेला. तसाच ढेकराचा. जेवण झालं की नाना ओट्यावर येऊन असा काही ढेकर द्यायचे, की समोरची कुत्री कान टवकारायची. लोक म्हणायचे, जेवला गडी. आंबट ढेकर आहे, घसा जळतोय, डोळ्यांत पाणी आलंय, हे बघायला कुणाला वेळ होता? मला तर नव्हताच. मी ब्लाऊज शिवते. लग्नसराईत मला स्वतःच्या घशाकडे बघायला वेळ नसतो.

नाना म्हणजे पिढीजात माळी. गावाबाहेर त्यांचा मळा. झेंडू, शेवंती, बिजली, आणि मधल्या पट्ट्यात कोथिंबीर-मेथी. पूर्वी बांधावरून दिवसभर चालणं असायचं. मग ठिबक आलं, मोटर मोबाइलवरून सुरू व्हायला लागली, आणि नाना ओट्यावर बसल्या बसल्या बोटाने पाणी भरायला लागले. पोट पुढे आलं. पहाटे फुलबाजारात माल उतरवला की तर्रीवाली मिसळ, वर दोन कट चहा, दिवसभर येईल त्याच्याबरोबर पुन्हा चहा, आणि रात्री टीव्हीवरचं सगळं संपल्यावर भरपेट जेवण. हात धुतला की आडवं. छातीत जळजळलं की पाण्यात खायचा सोडा टाकायचा, फस्स झालं की गटागटा प्यायचा आणि पुन्हा आडवं. दिंडोरीहून मेहुणा आला की द्राक्षांचा म्हणून जो काय रस घेऊन यायचा, त्याबद्दल मी बोलत नाही. त्या दिवशी भिंतीला हात लावला तर ती थरथरायची.

आणि हा एवढा सुखी माणूस दिवसभर पेंगायचा. न्हाव्याच्या खुर्चीत झोपायचा, लग्नाची सुपारी फुटत असताना झोपायचा. एकदा मी ब्लाऊजच्या हुकांवरून काहीतरी सांगत होते, तर नाना माझ्या वाक्याच्या मध्येच झोपले. माझ्या बोलण्याने लोक झोपत नाहीत, पळून जातात, म्हणून मला ते फारच लागलं.

नानांचा जीव होता त्यांच्या पिकअपवर. त्या गाडीला रोज ताजा हार. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दसऱ्याला तर विचारू नका. मळ्यातला सगळा झेंडू भरून, वर स्वतः नवी टोपी घालून, हॉर्न वाजवत गल्लीतून निघायचे आणि जाताना प्रत्येक दारात फुलांची ओंजळ टाकायचे. आमच्या गल्लीचा दसरा नानांची गाडी गेल्यावर सुरू व्हायचा. माझ्या शिलाई मशीनचा हारही त्याच फुलांचा.

पाडव्यानंतरच्या एका सकाळी पेठ नाक्याच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला आणि नाना हललेच नाहीत. मागून हॉर्न वाजले. पोलिसाने काच ठोकली, तेव्हा आतून गिरणी चालू होती. ती गोष्ट नानांनी हसण्यावारी नेली. पुढच्याच आठवड्यात परत येताना गाडी हळूच डावीकडे गेली आणि पेरूच्या हातगाडीला जाऊन टेकली. पेरूवाला चहा प्यायला गेला होता म्हणून बरं. रस्ताभर पेरू. नाना जागे झाले आणि म्हणाले, "ब्रेक लागला नाय." ब्रेक चांगला होता.

नानांची बायको लंकाबाई. मी त्यांना काकू म्हणते. अंगाने काडी, बोलणं मोजकं, डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. नाना घरी आले तेव्हा काकूंनी हात पुढे केला. नानांनी मुकाट्याने चावी ठेवली. काकूंनी ती कमरेच्या छल्ल्यात अडकवली आणि छल्ला खोचून टाकला. दुसरी चावी कधीच झेंडूच्या वाफ्यात हरवली होती.

"कधी देशील?" नानांनी विचारलं.

"ज्या दिशी मी रातभर सलग झोपंल ना, त्या दिशी देईल," काकू म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.

पेंगतात नाना, गाडी ठोकतात नाना, आणि ही बाई स्वतःच्या झोपेचं काय काढते? आम्हाला कुणालाच कळलं नाही. नानांना तर अजिबात नाही.

गाडी चालवायला लागली सून, शुभांगी. शेखर, म्हणजे नानांचा मुलगा, सातपूरला कंपनीत शिफ्टला असतो. शुभांगीने लग्नाआधीच लायसन्स काढलेलं. रोज पहाटे ती सासूकडून चावी घ्यायची आणि आली की परत द्यायची. शेजारच्या सीटवर नाना. पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबायचा, तोंडाने "डावीकडून, डावीकडून" चालायचं, आणि मखमलाबाद नाका यायच्या आत मान छातीवर. ओळखीचे लोक हात करायचे ते शुभांगीला. नाना त्या दिवसांत माझ्याशीही नीट बोलत नव्हते. एकदा गाडीचा हार स्वतःच्या हाताने बदलून उगाच काच पुसत उभे राहिलेले दिसले, तेव्हा मला वाईट वाटलं.

शेवटी शुभांगीनेच डॉक्टरांकडे न्यायचं काढलं. मला मेन रोडवर लेस आणायची होती, म्हणून मीही काकूंबरोबर गाडीत मागे बसले आणि तिथून त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. आधी एका रात्री नानांच्या नाकाला नळी आणि बोटाला चिमटा लावून घरीच तपासणी झाली होती. तिचा निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. तरुण बाई, पण शांत.

"नाना, तुम्हाला झोप लागत नाही," त्या म्हणाल्या.

नाना खो खो हसले. "आख्ख्या गल्लीला इचारा!"

"घोरणं म्हणजे झोप नव्हे. घशातली वाट झोपेत दबते आणि श्वास थांबतो. तासाला कितीतरी वेळा थांबतो. मेंदूला रात्रभर तुम्हाला उठवत बसावं लागतं. म्हणून दिवसा पेंग येते. पोट भरल्या भरल्या आडवे होता, त्याने आंबट वर येतं आणि घसा अजून सुजतो. ही दोन्ही दुखणी एकमेकांना धरून आहेत."

नाना जरा चपापले. मग डोकं खाजवून म्हणाले, "श्वास थांबतो म्हनता. मंग परत चालू कोन करतं?"

डॉक्टरीणबाई सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातून काकू म्हणाल्या, "मी. कोपरानं."

काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि साधं सांगितलं, "आवाज बंद पडला की मला जाग येती. मी कोपर मारती, मंग हे फुर्रर्र करून परत सुरू व्हत्यात. लगीन झाल्यापासून हाय. पहिल्यांदा लय रडू यायचं. आता सवय झाली."

मी भिंतीच्या अलीकडून इतकी वर्षं चिडले, उशी डोक्यावर घेतली, नवऱ्याशी भांडले. भिंतीच्या पलीकडे ही काडीसारखी बाई रात्रभर नवऱ्याचा श्वास राखत होती. मला तिथेच रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. नाना काकूंकडे बघत राहिले. "ब्रेक लागला नाय" म्हणतानाचा तो चेहरा नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मग सांगायला सुरुवात केली. वजन उतरवा. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, आणि जेवल्यावर बराच वेळ आडवं व्हायचं नाही. तर्री, चहा कमी. तो द्राक्षाचा रस बंद. उताणं न झोपता कुशीवर झोपा. उशांचा ढीग नको, पलंगाची डोक्याकडची बाजूच विटा लावून उंच करा. जळजळीच्या गोळ्या थोडे दिवस. पुन्हा तपासणी करू. फरक पडला नाही तर रात्री नाकाला लावायचं मशीन घ्यावं लागेल, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि तोवर गाडी अजिबात चालवायची नाही.

"दसऱ्याला?" नानांनी विचारलं.

"बघू."

घरी येऊन नानांनी जाहीर केलं, की दसऱ्याची गाडी मीच नेणार. आणि मग त्यांच्या घरात जो गोंधळ सुरू झाला, तो पातळ भिंतीमुळे मला सगळा ऐकू आला.

पहिला गोंधळ 'हलकं' या शब्दाचा. काकूंच्या शब्दकोशात हलकं म्हणजे उपवासाचं. त्यांनी रोज संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, भगर, वर दाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस सुरू केला. नाना खूश. महिन्याने वजन केलं तर काटा पुढेच गेलेला. "रात्री काय जेवता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "जेवतोय कुठं? फराळावर हाय," नाना अभिमानाने म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, असं शुभांगी सांगते.

दुसरा गोंधळ माझ्या दुकानात आला. कुशीवर झोपायची सवय लागावी म्हणून बंडीच्या पाठीवर खिसा शिवून त्यात काहीतरी गोल घालायचं होतं, म्हणजे उताणं झालं की टोचेल. काकू बंडी आणि एक लिंबू घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकू, नवऱ्याच्या बंडीत लिंबू शिवून दोरीवर वाळत घातलंत, तर उद्या गल्ली काय म्हणेल ठाऊक आहे ना?" काकूंनी जीभ चावली. मग मी रबरी चेंडू आणवला. खिसा असा पक्का शिवला की बंडी फाटेल पण चेंडू सुटणार नाही.

तिसरा गोंधळ सगळ्यांत मोठा. विटा लावल्यापासून नानांची जळजळ वाढली. "आधी घशाशी यायचं, आता नाकाशी येतं," म्हणून ते डॉक्टरीणबाईंच्या नावाने ओरडायला लागले. गोळ्या नकोत, ते मशीनही नको, मला माझा सोडा द्या. काकूंची वर्तुळं अजून काळी झाली. डॉक्टरीणबाईही फोनवर बुचकळ्यात पडल्या. दसरा असा हातातून निसटताना दिसत होता.

एका दुपारी मी दुसरी बंडी द्यायला गेले. नाना पलंगावर कुशीवर पडलेले, चेंडू पाठीला. मी बंडी ठेवली, वळले, आणि पुन्हा वळून बघितलं. तो पलंग काकूंच्या माहेरचा, सागवानी, उशाशी मोरांची नक्षी. विटा मोरांकडच्या खुरांखाली होत्या. आणि मोरांवर नानांचे पाय होते.

"शुभांगी!" मी अशी ओरडले की नाना उठून बसले.

शुभांगी धावत आली. विटा तिनेच लावल्या होत्या, आणि बरोबरच लावल्या होत्या की. उसं म्हणजे मोरांची बाजू. पण त्या खोलीत मोर उत्तरेला येतात, आणि उत्तरेला डोकं करून कोण झोपतं? म्हणून या घरात आल्यापासून नाना आणि काकू पायथ्यालाच उशी घेऊन झोपत होते. शुभांगी वरच्या खोलीत झोपते, तिला काय माहीत! आठवडाभर दोघं नवरा-बायको डोकं खाली, पाय वर करून झोपले होते.

"अहो काकू, तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. डोकं जड व्हायचं," काकू म्हणाल्या. "पन वाटलं, तसंच सांगितलं असंल. एवढ्या शिकलेल्या बाई हायेत."

"आणि नाना, तुम्ही?"

"मला वाटलं, आंबट पायाकडं उतरवायचा इलाज हाय."

पायाकडं उतरवायचं तर पाय खाली नकोत का? पण हे मी विचारलं नाही, कारण शुभांगी खाली बसून पोट धरून हसत होती, काकू पदर तोंडात कोंबून हसत होत्या, आणि मग नानांनाही हसू फुटलं, इतकं की पलंगावरचे मोर हलायला लागले. त्याच हसण्यात आम्ही तिघींनी विटा दुसऱ्या टोकाला लावल्या.

तिथून गाडी रुळावर आली. काकूंनी साबुदाण्याचा डबा वर टाकला. उजेड असेतो मुगाची खिचडी नाहीतर भाकरी आणि दोडक्याची भाजी. "कोंबड्यांबरोबर जेवायचं," म्हणून नाना कुरकुरायचे, पण जेवायचे. मिसळ आठवड्यातून एकदा, तर्री बाजूला. मोटरचं मोबाइलवरचं बटण त्यांनी शुभांगीकडून काढून टाकवलं आणि पुन्हा विहिरीपर्यंत चालत जाऊन मोटर सुरू करायला लागले. "आमाला माळ्याला चालायला शिकवत्यात," असं म्हणत म्हणत जायचे. येताना बांध बघत, शेवंती बघत, बांधावरच्या शेतकऱ्यांशी दोन गप्पा मारत यायचे. श्रावण संपता संपता त्यांची विजार मी आत घेतली. कमरेचं एवढं कापड निघालं, की त्यात लहान मुलाचं झबलं झालं असतं.

आणि एका सकाळी माझा नवरा म्हणाला, "नाना गावाला गेलेत का गं?"

नाना घरीच होते. दुसऱ्या तपासणीत डॉक्टरीणबाई हसल्या. अगदी गेलं नाही, पण खूप उतरलं. हे असंच चालू ठेवा, मशीन सध्या नको. पेंग येत नसेल तर गाडी चालवा. नाना थेट घरी येऊन काकूंसमोर हात पसरून उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "मी सलग झोपले नाय अजून."

"आता का झोपत नाय? मी घोरत नाय!"

"म्हनूनच जाग येती," काकू म्हणाल्या. "आवाज नसला की वाटतं, बंद पडलं. मंग नाकापुढं हात धरून बघती."

नानांचा हात खाली आला. ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. "रूपाली, माझ्या झोपंचं औषध डॉक्टरीणबाईकडं व्हतं. हिच्या झोपंचं कुठून आनू?"

नवरात्रात नानांनी एक युक्ती केली. आपला हात काकूंच्या हाताखाली ठेवून झोपायला लागले; जाग आली तर नाडी लागेल, उठून बसायला नको. काकू मला सांगताना लाजल्या. "या वयात!" म्हणाल्या. पण छल्ला कमरेलाच होता.

दसऱ्याची सकाळ. उजाडायच्या बेताला मी झाडू घेऊन बाहेर आले, तर पिकअप झेंडूने शिगोशीग भरलेली, हार घातलेली, आणि नाना नवी टोपी घालून पायरीवर बसलेले. बाजूला शुभांगी येरझाऱ्या घालत होती.

"निघाला नाहीत अजून?" मी विचारलं.

"आई झोपल्यात," शुभांगी कुजबुजली. "चावी त्यांच्या कमरेला. नाना उठवू देत नाहीत."

"अहो नाना, बाजार भरला असेल! सगळ्यांच्या गाड्या गेल्या!"

नानांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. काल दिवा मालवल्यापासून हलली नाय. मी बघितलं. एकदा बी नाय."

"पण दसरा आहे."

"दसरा वर्साला येतो," नाना म्हणाले. "ही कधी झोपली व्हती?"

मग मीही झाडू ठेवला आणि पायरीवर बसले. फुलाला ऊन लागतं म्हणून शुभांगीने गाडीवर ओलं पोतं टाकलं. समोरची बाई तोरणासाठी फुलं मागायला आली, नानांनी तिलाही गप्प बसवलं. आमच्या गल्लीत दसऱ्याच्या दिवशी इतकं हळू आवाजात कुणी कधी बोललं नसेल. माझ्या मशीनची पूजा राहिली होती, नवरा आतून चहा चहा करत होता, आणि मला कुणाचाही राग येत नव्हता.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा आतून बांगड्या वाजल्या. काकू केस सुटलेले, एका गालावर उशीची वळी उठलेली, धडपडत दारात आल्या. "अगं बाई! उजाडलं? मला कुनी उठवलं कसं नाय? गाडी अजून हितंच?"

काकूंनी आमच्याकडे बघितलं, नानांच्या टोपीकडे बघितलं, आणि मग त्यांना कळलं. हात कमरेला गेला. छल्ल्यातून चावी काढून त्यांनी ती नानांपुढे धरली.

नानांनी चावी घेतली. सकाळभर तिच्यासाठी बसलेला माणूस, पण ती खिशात टाकून त्यांनी आधी काकूंना विचारलं, "झोप झाली का?"

"झाली," काकू म्हणाल्या. "लय झाली. व्हा पुढं आता, उशीर झाला."

"तू बी चल."

काकूंनी तशाच केसांचा बुचडा बांधला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. नानांनी हॉर्न वाजवला, गाडी हलली, आणि खिडकीतून माझ्या अंगणात झेंडूची ओंजळ पडली.